साठ किलोची कालवड

माझ्याविषयी चामोर्शीच्या बाजारात जे काही बोललं जातं, त्यातलं अर्धं मी स्वतः पसरवलेलं आहे. उरलेलं अर्धं लोकांनी माझ्याच तोंडून ऐकून फुगवलं. वाघानं धरलेली म्हैस मी शेपटीला धरून परत ओढली, ही गोष्ट तुमच्या कानावर आली असेल तर तिच्यातली म्हैस खरी, वाघ खरा आणि शेपूटही खरी. ओढणारा मात्र दुसराच कुणी होता. मी त्या वेळी मोहाच्या झाडावर होतो. बैलाच्या नुसत्या खोकल्यावरून तो कोणत्या गावचं पाणी पितो हे मी ओळखतो, हेही मीच उठवलेलं. एका गावच्या सरपंचानं मला तसं करून दाखवायला लावलं, तेव्हा बैल खोकलाच नाही म्हणून इज्जत राहिली.

मी काहीही कमी करून सांगत नाही. दोन विंचवांचे दहा होतात, गुडघाभर पुराचा गळाभर होतो. आयुष्यात एकदाच मी एक गोष्ट कमी करून सांगितली, आणि तीच आजपर्यंत गिळता आली नाही. ती म्हणजे तीस कालवडींचं वजन.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता त्या वर्षांतली गोष्ट. चामोर्शीच्या आत, एका मोठ्या तलावाच्या गावी, ढोरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. हुद्दा इतका लांब की म्हणेपर्यंत जनावर मरावं, म्हणून लोक सरळ डॉक्टर म्हणत. मी कुणाला कधी दुरुस्त केलं नाही. खरे डॉक्टर माझ्या वरचे होते. मराठवाड्यातले, तरुण, हळू बोलणारे. त्यांना लोक साहेब म्हणत आणि कामाला मला बोलावत. हेही मला आवडायचं.

त्या हिवाळ्यात योजनेतून संकरित कालवडी येणार असं ठरलं. तीस घरांना तीस. दूधवाल्या वंशाच्या, पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून ट्रकनं. आमच्याकडच्या गाई तोपर्यंत दूध देत ते वासराच्या तोंडापुरतं, म्हणून लोकांना त्या कालवडींचं भारी अप्रूप. काही म्हणत, ती गाय बादली भरली की स्वतःच हंबरून दुसरी बादली मागते. (हे माझं नव्हे. पण मी नाकारलंही नाही.)

साहेबांना मात्र काळजी होती. ते मला बसवून म्हणाले, "वेगवेगळ्या गोठ्यांतली जनावरं एका ट्रकमध्ये कोंबून येणार. तीन दिवस थंडी, धूर, धूळ, पोटात धड चारा नाही. प्रत्येकीच्या नाकात थोडे जंतू असतातच, पण अशा वेळी ते फुप्फुसात उतरतात. कालवड खोकायला लागली की आपण उशिरा पोचलो असं समजा. म्हणून आजारी दिसो न दिसो, उतरल्या दिवशीच सगळ्यांना औषध."

औषध नवीन होतं, पिवळसर, दाट, एकदा टोचलं की दोन-तीन दिवस अंगात राहणारं. हिशोब सोपा, दहा किलो वजनाला एक मिली, खोल मांसात. नव्वद किलोच्या कालवडीला नऊ. साहेबांनी पन्नास-पन्नास मिलीच्या आठ बाटल्या माझ्या ताब्यात दिल्या आणि सोबत एक फीत. ती छातीभोवती गुंडाळली की घेरावरून वजन कळे.

"अंदाज करायचा नाही," ते म्हणाले. "कमी डोस म्हणजे थोडा उपयोग, असं नसतं. कमी डोस म्हणजे जंतूंना नुसतं जागं करणं."

मी म्हणालो, "साहेब, मी नजरेनं सांगतो, फीत चुकेल."

ते हसले नाहीत.

ट्रक यायला महिना होता. धान कापून झाल्यावर आमच्याकडे कोंबडाबाजार भरतात. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार छोटं पातं, बांधून झुंजवतात आणि त्यावर माणसं आपापली अब्रू लावतात. त्या सुमारास एक बडा माणूस आपला लढाऊ कोंबडा काखेत घेऊन दवाखान्यात आला. कोंबड्याच्या घशात घरघर होती.

"डॉक्टर, काही करा. येत्या बाजारात याले उतरवतो म्हणून बोलून बसलो."

मी कपाट उघडलं. हाताला ती नवी बाटली लागली. एक सुई दिली. आता तो कोंबडा तसाही बरा झाला असता की काय, देव जाणे. पण तो त्या बाजारात तीन झुंजी जिंकला, आणि संध्याकाळपर्यंत मी सांगत होतो, सात. पुढच्या आठवड्यात दवाखान्यासमोर माणसं कमी आणि कोंबडे जास्त. मी प्रत्येकाला टोचलं. ज्यांना घाई होती त्यांना बाटलीच देऊन टाकली. कुणी मला खुर्ची दिली, कुणी चहा पाजला, कुणी म्हणालं, "असा डॉक्टर नागपुरात नाई." कालवडी महिन्याभरानं यायच्या होत्या. त्या चहा पाजत नव्हत्या.

ट्रकच्या आदल्या दिवशी एटापल्लीकडे जनावरांत साथ लागली, आणि साहेब जीपनं तिकडे गेले. जाताना पुन्हा म्हणाले, "फीत वापरा." मी कपाट उघडलं तेव्हा आठांपैकी चार बाटल्या होत्या.

दोनशे मिली, तीस कालवडी. आकडेमोड मला येत होती. सगळ्या मिळून सव्वीस-सत्तावीसशे किलो भरणार होत्या, आणि औषध दोन हजार किलोला पुरेल इतकंच. सरळ मार्ग होता. सायकल काढून चामोर्शीला जायचं, तिथून चंद्रपूरला फोन लावायचा आणि सांगायचं की बाटल्या मी कोंबड्यांना घातल्या, आणखी पाठवा. मी सायकल काढली नाही. मी कालवडींचं वजन कमी करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रक आले. सारं गाव जमलं. फळीवरून एकेक कालवड उतरवली. पाय लटपटत होते, डोळ्यांत पाणी, नाकाशी सुकलेली रेघ. तरी काय देखण्या! लोकांनी हळद लावली, कुणी ओवाळलं. मी जनावर अडकवायच्या खोड्यापाशी उभा राहिलो, गळ्यात ती फीत एखाद्या हारासारखी घालून. ती मी एकदाही काढली नाही. दवाखान्यातला मदतनीस, ड्रेसर, गेरूचा खडा घेऊन बाजूला. मी कालवडीकडे डोळे बारीक करून बघायचो, मान हलवायचो आणि ओरडायचो, "पासष्ट!" ड्रेसर तिच्या मागच्या मांडीवर पासष्ट लिहायचा. मी साडेसहा मिली टोचायचो. लोक म्हणायचे, वा.

"साठ!" वा. "सत्तर!" वा. इतकी वाहवा मला वाघाच्या गोष्टीलाही मिळाली नव्हती.

मग एक बाई पुढे आली. तिचं घर तलावात जाळं टाकणारं. नवरा मासे धरी, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन चामोर्शीच्या बाजारात विकी. तिच्या वाट्याला आली होती ती ट्रकमधली सगळ्यात मोठी कालवड, काळी-पांढरी, रुंद छातीची. बाईनं तिच्यासाठी पोत्यांची झूल शिवून आणली होती, आणि झूल आखूड पडत होती. मी डोळे बारीक केले.

"साठ!"

ड्रेसरनं लिहिलं. बाई जागची हलली नाही.

"डॉक्टर भाऊ, हे साठ कशी जी?"

"का झालं?"

"ते आताची, लाल, तिले तुमी साठ म्हणले. ते माह्या कमरेपावत येत होती. हे छातीपावत आहे. दोघीबी साठ कशा? हे शंभराच्या खाली नाई, भाऊ. माह्या डोळ्याले समजते."

तिच्या डोळ्याला समजत होतंच. ती बाई मासोळी नुसती हातावर घेऊन छटाकाचा फरक सांगे. बाजारात दुसऱ्या बायका तराजूवर भांडण झालं की तिला बोलावत. हे मला माहीत होतं. तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सहा मिली भरलेली सिरिंज होती. बाजूच्या डब्यात शेवटची बाटली होती आणि अजून नऊ कालवडी बाकी होत्या.

मी म्हणालो, "बाई, हे मासोळी नोहे. इचे खवले काढून तोलाचे नसते."

गर्दी फुटली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसली. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण हसणारी माणसं दिसली की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "उद्या म्हणशील, डॉक्टर, इचं डोस्कं वेगळं द्या आन् शेपूट वेगळी." पुन्हा हशा. तिचा नवराही हसला. बाईनं पदर नाकाशी धरला, खाली पाहिलं आणि म्हणाली, "तुमी शिकलेले, भाऊ. द्या मंग."

मी सहा मिली दिलं. तिनं सुईची जागा तळव्यानं चोळली आणि कालवडीला तलावाच्या बाजूनं घरी घेऊन गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या पायरीवर बसलेली दिसली. "खोकून राह्यली, भाऊ. चारा सोडला." मी गेलो. कालवड मान लांब करून, कोपरं अंगापासून फाकवून उभी होती, प्रत्येक श्वासाला बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. नाकातून घट्ट, मळकट शेंबूड. अंगावर ती आखूड झूल, आणि मांडीवर गेरूनं लिहिलेला साठ. बाईनं तो पुसला नव्हता. सरकारी काम, पुसायचं कसं.

माझ्याकडे सल्फाच्या गोळ्या तेवढ्या होत्या. त्या दिल्या. तीस कालवडींपैकी सात त्या आठवड्यात आजारी पडल्या, सातही मोठ्या चणीच्या. लहान चणीच्यांना मी वजन कमी करून करून किती करणार. त्यांना औषध जवळपास पुरतं गेलं होतं. मोठ्यांचंच मी कापलं होतं. तीन मेल्या. बाईची सातव्या दिवशी दुपारी मेली.

साहेब एटापल्लीहून तसेच धुळीनं माखलेले आले. त्यांनी बाईच्या परसात कालवड उघडली. फुप्फुस काळजासारखं घट्ट आणि जड झालं होतं. साहेबांनी त्याचा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला. तो तरंगायला हवा होता, दगडासारखा तळाशी गेला.  मग त्यांनी मला विचारलं, "डोस पूर्ण गेला होता ना?"

"हो साहेब."

"फितीनं?"

"हो साहेब."

इथे थांबलो असतो तरी एक खोटं एवढंच झालं असतं. पण बाई उंबऱ्याशी उभी होती, आणि तिचे डोळे, ते छटाकाचा फरक ओळखणारे डोळे, माझ्या तोंडावर होते. मला वाटलं ती आता बोलेल, साठ म्हणेल. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "साहेब, या बाईनं सुई दिल्याबरोबर तलावाचं थंड पाणी पाजलं. मी पाह्यलं. सुईवर थंड पाणी म्हणजे फुप्फुस गोठलंच."

साहेब थकलेले होते. "पाण्याचा काय संबंध," असं काहीसं पुटपुटत ते हात धुवायला विहिरीकडे गेले. त्यांचं पुटपुटणं बाईला ऐकू गेलं नाही. तिला माझं ऐकू गेलं होतं.

"पाजलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवसाची तहानली होती, म्हणून पाजलं. मले का मालूम, भाऊ? मीच मारली मंग." आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. जोरात मारला नाही. काही तरी पक्कं लक्षात ठेवायचं असल्यासारखा मारला. नवरा तिला म्हणाला, "तुले सांगतलं होतं ना, त्या बड्या जनावराच्या नादी लागू नको." तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानंही माझंच ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी माझी राजुऱ्याकडे बदली झाली. तिथे कोळशाच्या खाणीवरच्या लोकांना मी कालवडींची गोष्ट सांगत असे. तिच्यात दोनाचे पाच ट्रक झाले होते, साथ भयंकर होती, साहेब पळून गेले होते आणि मी एकट्यानं, हातात एक सिरिंज घेऊन, सत्तावीस कालवडी मरणाच्या दारातून ओढून आणल्या होत्या. लोक म्हणत, वा. मेलेल्या तिघींविषयी कुणी विचारलंच तर मी सांगे, एका बाईनं पाणी पाजलं. मी हे कितीदा सांगितलं असेल याचा नेमका आकडा द्यायला मी तयार नाही, कारण या वेळी खरा आकडाच वाढवल्यासारखा वाटेल.

चार वर्षांनी, मे महिन्यात, घटसर्पाच्या लसीसाठी मला पुन्हा त्या तलावाच्या गावी पाठवलं. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते सांगायला मला अतिशयोक्ती करावी लागत नाही. सकाळी नऊलाच डांबर चपलेला धरत होतं. शे-दीडशे ढोरं जमली होती, आणि दवाखान्यापाशी नवं सिमेंटचं टाकं होतं, काठोकाठ भरलेलं. मी टोचत होतो. टोचलेलं प्रत्येक जनावर मालक टाक्यापासून दूर ओढून नेत होता. जनावरं पाण्याकडे माना ताणत होती, दाव्यानं गळे आवळत होते, आणि माणसं त्यांना काठीनं मागे हाकत होती. एक गाभण गाय जीभ बाहेर काढून उन्हात उभी.

मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "पाणी काऊन नाई पाजून राह्यले, बाबा?"

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मला ऊन लागलं होतं. "सुईवर पाणी? फुप्फुस गोठते ना जी. एक दिवस एक रात पाणी नाई. तुमीच तर सांगून गेल्ते, डॉक्टर."

"सगळेच असं करतात?"

"आजूबाजूचे गावंबी करतात. ते बाई सांगते ना सगळ्याइले." त्यानं टाक्याकडे बोट केलं.

ती टाक्याच्या काठाशी काठी घेऊन उभी होती. केस पिकायला लागले होते. तिची गाय गावरान, बुटकी, बाजूला बांधलेली. कुणाचंही टोचलेलं जनावर टाक्याकडे वळलं की ती आडवी होत होती आणि मालकावर ओरडत होती. "माह्यावानी करतं का? मारतं का घरचं जनावर? ने मांगं!" चार वर्षं ती प्रत्येक लसीला अशी उभी राहत आली होती. आपल्या हातून झालं ते दुसऱ्याच्या हातून होऊ नये म्हणून.

मी सिरिंज ठेवली. तिच्यापर्यंत गेलो.

"ओळखलं का, बाई?"

"ओळखलं ना, डॉक्टर भाऊ. बरे आहा?"

मी बोललो. कसं बोललो ते आठवत नाही, एवढं आठवतं की आवाज माझा वाटत नव्हता. "तुमची कालवड पाण्यानं नाई मेली, बाई. औषध कमी गेलं होतं."

 मग तिनं विचारलं ते औषधाबद्दल नव्हतं.

"शंभर होती ना ते?"

"शंभरावर होती."

"सगळे हासले होते मले."

"हो."

"तर मंग मले एकटीले कायले सांगून राह्यले? तवा तं सगळ्याइच्या पुढं बोल्ले होते."

मी टाक्याच्या काठावर चढलो. गोष्ट सांगायला उभा राहिलो की लोक आपोआप गोळा होतात, तसे झाले. चेहरे आधीच हसायच्या तयारीत होते. मी म्हणालो, मंडळी, सुईवर पाणी पाजलं तर काही होत नाही, हे सगळं खोटं आहे, त्या वर्षी कालवडींसाठी औषध कमी आलं होतं, म्हणून...

"कमी आलं होतं?" खालून बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "अजूनबी कमीच सांगून राह्यले, भाऊ."

मग मी सगळं सांगितलं. आठ बाटल्या, कोंबडे, चहा, गळ्यातली फीत, साठ, पासष्ट. साहेबांशी बोललेलं खोटं, आणि पाण्याचं. उन्हात उभं राहून, त्या माणसांसमोर ज्यांच्यापैकी काहींचे कोंबडे मीच टोचले होते. मी इतका वेळ बोललो आणि कुणी हसलं नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मागून कुणी तरी "हट्" म्हणालं.

बाईनं काठी टाक्याला टेकवून ठेवली, आपल्या गाईचं दावं सोडलं आणि तिला पाण्यावर आणलं. गायीनं तोंड डोळ्यांपर्यंत बुडवलं. बाई तिच्या बाजूला उभी राहून माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार वर्स किती ढोरं मी तहानले ठेवले असन्, त्याचं काही वजन आहे का तुमच्यापाशी?"

मी टाक्याच्या काठावरून खाली उतरलो. 

आणखी दोघा-तिघांनी आपली जनावरं सोडली. बाकीचे कुजबुजत उभे राहिले. मघाचा म्हातारा बैलांचं दावं हाताला गुंडाळत माझ्याजवळ आला, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तुमचं खरं असन, डॉक्टर. पण कायले उगाच? एक दिवसानं का होते? उद्या पाजू." आणि भर उन्हात, टाक्याला वळसा घालून, तो आपली तहानलेली जोडी घेऊन गावाकडे चालू लागला. त्याच्या मागोमाग बाकीचेही निघाले.